शपथेतले करार

कॅनडाचं नागरिकत्व घेताना जी शपथ घ्यावी लागते, तिच्यात २०२१ साली एक ओळ वाढली. राजाशी निष्ठा, देशाचे कायदे पाळणं, नागरिकाची कर्तव्यं पार पाडणं हे आधीपासून होतंच. आता असंही म्हणावं लागतं की या देशाची राज्यघटना मी पाळीन, आणि ती राज्यघटना फर्स्ट नेशन्स, इन्युइट आणि मेटी लोकांचे मूळनिवासी म्हणून असलेले हक्क आणि राजसत्तेशी झालेल्या करारांतून आलेले हक्क मान्य करते. मी ही शपथ घेतली आहे. घेण्याआधी कित्येक महिने आणि घेतल्यावरही मी या एका ओळीच्या मागे लागले होते. ऑन्टॅरिओ प्रांतातल्या किचनर-वॉटर्लू भागात आयटीच्या नोकऱ्यांमुळे मराठी घरं बरीच झाली आहेत, आणि त्यातलं कुणी ना कुणी सतत नागरिकत्वाच्या रांगेत असतं. त्यांना उपयोग होईल म्हणून हे सगळं लिहिते आहे.

कागदोपत्री भाग सरळ आहे. पाच वर्षांत १,०९५ दिवस कॅनडात राहिल्याचा हिशोब द्यायचा, टॅक्सची माहिती द्यायची, इंग्रजी किंवा फ्रेंच येत असल्याचा पुरावा द्यायचा आणि वाट बघायची. भारतवाऱ्यांच्या तारखा पासपोर्टवरच्या शिक्क्यांशी जुळवणं हे त्यातलं सगळ्यात वेळखाऊ काम. मग परीक्षा. वीस प्रश्न, त्यातले पंधरा बरोबर आले की पास. ती हल्ली घरी बसून, कॅमेऱ्यासमोर देता येते.

परीक्षेच्या अभ्यासाला सरकारची एक पुस्तिका आहे, ‘डिस्कव्हर कॅनडा’. मूळ २००९ ची. मी अभ्यास केला तेव्हा हातात हीच होती. तिच्यात निवासी शाळांबद्दल एक छोटा परिच्छेद आहे. मूळनिवासी मुलांना या शाळांत ठेवलं गेलं, शाळांना पैसा कमी होता, मुलांचे हाल झाले, काहींना मारहाण झाली, त्यांच्या भाषांवर बंदी होती, आणि २००८ मध्ये सरकारने माफी मागितली. संपलं. त्यात या शाळा १९८० च्या दशकापर्यंत चालल्या असं लिहिलं आहे. प्रत्यक्षात सस्कॅचेवानमधली गॉर्डन्स ही शाळा १९९६ मध्ये बंद झाली. म्हणजे माझ्या वयाची माणसं त्या शाळांत शिकलेली आहेत. ती इथेच, आपल्याबरोबर बसमध्ये आणि दुकानात असतात.

सुमारे दीड लाख मुलं या शाळांतून गेली. त्यांची साक्ष घेण्यासाठी सत्य आणि समेट आयोग नेमला गेला. मरे सिंक्लेअर त्याचे अध्यक्ष होते, स्वतः अनिशिनाबे या मूळनिवासी समाजाचे आणि पेशाने न्यायाधीश. आयोगाने साडेसहा हजारांहून जास्त लोकांचं म्हणणं ऐकलं आणि २०१५ मध्ये ९४ मागण्या मांडल्या. त्या यादीतल्या अगदी शेवटच्या दोन मागण्या आपल्यासारख्यांबद्दल आहेत. ९३ क्रमांकाची म्हणते की नव्याने येणाऱ्यांना द्यायच्या माहितीत आणि नागरिकत्वाच्या परीक्षेत करारांचा आणि निवासी शाळांचा इतिहास नीट आणा. ९४ वी शपथ बदलायला सांगते. शपथ बदलली, पुस्तिका तशीच राहिली. करार पाळायची शपथ घ्यायची आणि करार काय आहेत हे कुणी सांगायचं नाही, हे मला पटेना. ज्या कागदावर सही करायची तो आधी वाचायचा, ही शिकवण आमच्या घरात सगळ्यांना मिळालेली आहे.

सुरुवात मुलीच्या शाळेपासून झाली. ऑन्टॅरिओतल्या शाळांत सकाळी राष्ट्रगीताबरोबर भूमीचं स्मरण, म्हणजे ही जमीन मूळ कुणाची ते, वाचतात. तिच्या शाळेत रोज ऐकू येतं की ही शाळा हॅल्डिमंड ट्रॅक्टवर उभी आहे, आणि ही जमीन सिक्स नेशन्सना देऊ केलेली होती. एके दिवशी जेवताना तिने विचारलं, "आई, देऊ केली होती म्हणजे दिली की नाही?" तिच्या बाबाने माझ्याकडे पाहिलं. प्रश्न अगदी मुद्द्याचा होता.

उत्तर असं आहे. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात हॉडेनोशॉनी संघातले पुष्कळ लोक ब्रिटिशांच्या बाजूने लढले. मोहॉक, ओनायडा, ओनोन्डागा, कयूगा, सेनेका, टस्कारोरा अशा सहा राष्ट्रांचा हा संघ, म्हणून सिक्स नेशन्स. युद्ध हरल्यावर न्यूयॉर्ककडच्या त्यांच्या जमिनी गेल्या. तेव्हा ब्रिटिशांनी मिसिसागा या मूळनिवासी लोकांकडून ऑन्टॅरिओत मोठा मुलूख घेतला, त्याबदल्यात १,१८० पौंडांचा माल दिला, आणि २५ ऑक्टोबर १७८४ ला गव्हर्नर फ्रेडरिक हॅल्डिमंडने घोषणापत्र काढलं: ग्रँड नदीच्या दोन्ही काठांना सहा-सहा मैल, उगमापासून मुखापर्यंत, ही जमीन सिक्स नेशन्सनी आणि त्यांच्या वंशजांनी कायम उपभोगावी. आपल्याकडच्या सनदांत यावच्चंद्रदिवाकरौ लिहीत, तशीच ही भाषा. एकूण साधारण साडेनऊ लाख एकर. आज सिक्स नेशन्सकडे त्यातली सुमारे ४६,००० एकर उरली आहे, म्हणजे पाच टक्क्यांहूनही कमी. किचनर, वॉटर्लू, केंब्रिज, ब्रँटफर्ड ही सगळी गावं त्या पट्ट्यात येतात.

आमचं घर ज्या भागात आहे तो जुन्या नकाशावर ब्लॉक नंबर दोन. ९४,०१२ एकरांचा हा तुकडा १७९८ मध्ये रिचर्ड बीझली आणि त्याच्या भागीदारांना विकला गेला. त्यातले साठ हजार एकर १८०५ मध्ये पेनसिल्व्हेनियाहून आलेल्या, मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या शेतकऱ्यांच्या कंपनीने घेतले. पुढे तुकडे पडत पडत त्यातला एक आमच्या नावावर आला. या सगळ्या व्यवहारांतून सिक्स नेशन्सच्या नावाने जो पैसा जमा व्हायला हवा होता त्याचं काय झालं, हा आजही कोर्टातला प्रश्न आहे. एक गोष्ट पक्की माहीत आहे. तो पैसा सरकार विश्वस्त म्हणून सांभाळत होतं, आणि त्यातली मोठी रक्कम त्यांची संमती न घेता ग्रँड रिव्हर नॅव्हिगेशन कंपनीच्या शेअरमध्ये घातली गेली. नदीवर बोटी चालवायला काढलेली ही कंपनी बुडाली. पैसे गेले ते गेलेच.

हे वाचल्यावर ब्रँटफर्डला गेलो. आमच्यापासून तासाभराच्या आतच आहे. तिथे मोहॉक इन्स्टिट्यूट ही कॅनडातल्या सगळ्यात जुन्या निवासी शाळांपैकी एक होती. १८३१ पासून तिथे मुलं राहायला ठेवली जात होती आणि १९७० मध्ये ती बंद झाली. आधी अँग्लिकन चर्चशी संबंधित न्यू इंग्लंड कंपनी ती चालवत असे, नंतर थेट सरकार. शेजारीच वुडलँड कल्चरल सेंटर आहे. इमारत पाडायची की ठेवायची असा प्रश्न आला तेव्हा सिक्स नेशन्सच्या लोकांनी ती ठेवायची असं ठरवलं. पुरावा राहिला पाहिजे, म्हणून.

लाल विटांची, पुढे पांढरे खांब असलेली, दिसायला रुबाबदार इमारत आहे. माहिती सांगायला ज्या बाई होत्या त्यांची आई याच शाळेत होती. त्या बोलत होत्या शांतपणे, आवाज न चढवता. मुलगे एका बाजूला, मुली दुसऱ्या बाजूला. अर्धा दिवस वर्ग, अर्धा दिवस काम: शेतात, गोठ्यात, धुण्याच्या खोलीत. मुलांना नंबर असत. सकाळ-संध्याकाळ ओटची पातळ लापशी, म्हणून मुलांनी शाळेचं नाव ‘मश होल’ ठेवलेलं. आजही त्या पिढीतली माणसं शाळेचा उल्लेख त्याच नावाने करतात. आवारात सफरचंदांची बाग होती. ती फळं विकायची होती, मुलांसाठी नव्हती, आणि तोडलं तर मार मिळे.

माझ्या मुलीने विचारलं, "मग भावाला भेटायला कधी द्यायचे?"

"भेटायला नाही," बाई म्हणाल्या. "जेवणघरात लांबून दिसायचा. माझी आई म्हणायची, तो ताटातलं संपवतोय का एवढंच ती बघायची."

मग त्या आम्हाला इमारतीच्या मागे घेऊन गेल्या. तिथल्या विटांवर मुलांनी नावं कोरलेली आहेत. खिळ्याने, दगडाने, जे हाताला लागेल त्याने. काही नावांची फक्त आद्याक्षरं आहेत, काहींपुढे साल आहे. बरीचशी माझ्या कमरेच्या उंचीवर, काही त्याहून खाली. एका विटेवर पहिलं अक्षर खोल आणि ठसठशीत होतं, पुढची उथळ होत गेलेली आणि शेवटचं अर्धवट. कुणी आलं असेल किंवा हात दुखला असेल. माझा मुलगा त्या विटेसमोर उभा राहिला तेव्हा ती बरोबर त्याच्या डोळ्यांसमोर आली. तो सहा वर्षांचा आहे.

या आवारात आणि आसपासच्या पाचशेहून अधिक एकर जमिनीत, जिथे जिथे शाळेचा वावर होता तिथे, जमिनीखाली पाहणाऱ्या रडारने शोध घेण्याचं काम शाळेतून वाचलेल्यांनीच २०२१ मध्ये उभारलेल्या सचिवालयाने हाती घेतलं. त्याच वर्षी मे महिन्यात ब्रिटिश कोलंबियातल्या कॅमलूप्सच्या शाळेजवळ सुमारे दोनशे संभाव्य थडग्यांच्या खुणा मिळाल्याचं तिथल्या फर्स्ट नेशनने जाहीर केलं आणि सगळा देश हादरला. पण मुलं मरत होती हे सरकारला कधीपासून माहीत होतं? डॉक्टर पीटर ब्राइस यांनी १९०७ मध्येच पश्चिमेकडच्या शाळा तपासून अहवाल दिला होता की क्षयाने मुलं मरताहेत, हवा नाही, जागा नाही. तो गुंडाळून ठेवला गेला. नोकरीतून गेल्यावर १९२२ मध्ये त्यांनी सगळी हकिकत स्वतः छापली आणि तिला ‘राष्ट्रीय गुन्हा’ म्हटलं. दरम्यान १९२० मध्ये त्याच सरकारने कायदा करून मुलांना या शाळांत पाठवणं सक्तीचं करायची मुभा घेतली होती. माहीत नव्हतं, ही सबब इथे चालत नाही.

त्या रात्री मी सोलापूरला अप्पांना फोन केला. अप्पा नगरपालिकेच्या शाळेत मास्तर होते आणि सेटलमेंट भागातली मुलं त्यांच्या वर्गात असत. गुन्हेगार जमाती कायदा इंग्रजांनी १८७१ मध्ये आणला, पुढे तो मुंबई इलाख्यात लागू झाला, आणि सोलापुरात तारेच्या कुंपणात आख्ख्या जमाती ठेवल्या गेल्या. गिरणीत कामाला जायचं, परत यायचं, हजेरी द्यायची, बाहेर जायला पास. अप्पा म्हणाले, "मी नोकरीला लागलो तोवर तार निघून बरीच वर्षं झाली होती. पण म्हाताऱ्या माणसांना हजेरीच्या वेळा पाठ होत्या गं. एक आजोबा नातवाला शाळेत सोडायला यायचे, मुख्याध्यापकांच्या दारात उभे राहायचे, आणि त्यांनी विचारलं नसताना स्वतःचं नाव सांगायचे." ते पुढे म्हणाले, "तिकडेही पास होता का?"

होता. १८८५ नंतर कॅनडाच्या पश्चिमेकडच्या प्रेअरी भागात रिझर्व्हच्या, म्हणजे मूळनिवासींसाठी राखून ठेवलेल्या जमिनीच्या, बाहेर पडायला सरकारी एजंटचा पास लागे, आणि त्यामागे कायद्याचा आधारसुद्धा नव्हता. तिथल्या मूळनिवासींना लागू असलेला इंडियन अॅक्ट १८७६ चा, आपल्याकडचा जमाती कायदा १८७१ चा. एकाच साम्राज्याच्या कचेऱ्यांतून निघालेले हे कागद. आपल्याकडचा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला. इंडियन अॅक्ट अनेकदा दुरुस्त झाला, पण आजही लागू आहे.

हे सगळं मी आमच्या इथल्या मंडळींत बोलते तेव्हा दोन गोष्टी हमखास ऐकू येतात. पहिली, "त्यांना टॅक्स नसतो, सगळं फुकट." ही सवलत इंडियन अॅक्टच्या कलम ८७ खाली आहे आणि ती रिझर्व्हवरच्या मालमत्तेपुरती आणि तिथे कमावलेल्या उत्पन्नापुरती. टोरोंटोत नोकरी करणारा मोहॉक माणूस तुमच्या-माझ्यासारखाच इन्कम टॅक्स भरतो. आणि फुकट काय मिळतं ते बघायचं असेल तर सिक्स नेशन्सला जाऊन यावं. तिथे पाणी शुद्ध करायचं आधुनिक केंद्र उभं आहे, पण बहुतेक घरांपर्यंत त्याचे पाइपच गेलेले नाहीत. लोक टाकीत पाणी भरून आणतात. हे टोरोंटोपासून दोन तासांच्या आत.

मुलांचं बघा. मूळनिवासी मुलांसाठी काम करणाऱ्या सिंडी ब्लॅकस्टॉक आणि त्यांच्या संस्थेने लढवलेल्या खटल्यात मानवाधिकार न्यायाधिकरणाने २०१६ मध्ये सांगितलं की फर्स्ट नेशन्सच्या मुलांच्या कल्याणासाठी सरकार कमी पैसा देतं आणि हा भेदभाव आहे. पुढे २३ अब्ज डॉलरहून मोठ्या भरपाईचा समझोता झाला. २०२१ च्या जनगणनेत चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांत मूळनिवासी मुलं ७.७ टक्के होती, आणि पालकगृहांत ठेवलेल्या मुलांत ५३.८ टक्के. शाळा बंद झाल्या, पण मुलं घरापासून दूर जाणं थांबलेलं नाही.

दुसरी गोष्ट जास्त वेळा ऐकू येते. "आपण काय केलं? आपण तर काल आलो. आपल्यावरही इंग्रजांनी राज्य केलंच की." हे खरं आहे. १९१४ मध्ये भारतीय प्रवाशांना घेऊन आलेलं कोमागाटा मारू जहाज व्हँकूव्हरच्या बंदरातून परत पाठवलं, आणि ब्रिटिश कोलंबियात भारतीय वंशाच्या लोकांना १९४७ पर्यंत मत नव्हतं. पण पुढचं सालही लक्षात घ्या. फर्स्ट नेशन्सच्या लोकांना आपला कायदेशीर दर्जा न सोडता देशाच्या निवडणुकीत मत द्यायचा हक्क मिळाला १९६० मध्ये. बाहेरून आलेल्या आपल्या लोकांच्या तेरा वर्षं नंतर. शिवाय दोष आपला आहे असं कुणी म्हणतच नाही. आपण घर घेतलं, नगरपालिकेचा कर भरतो, उद्या मत देणार. करार दोन बाजूंचा असतो आणि नागरिक झालो की आपण सरकारच्या बाजूला उभे असतो. घेणं वारशाने मिळतं तसं देणंही मिळतं. घर कुणी वाटणीत घेतलं आणि त्यावरचं कर्ज नाकारलं तर आपण त्याला काय म्हणतो?

शपथ समोरासमोर झाली, ऑनलाइन नाही, याचं मला बरं वाटलं. एका सभागृहात वेगवेगळ्या देशांतली माणसं नटूनथटून आलेली. मी सासूबाईंनी दिलेली इरकल नेसले होते. न्यायाधीशांनी सुरुवातीला भूमीचं स्मरण केलं, आणि हॅल्डिमंड घोषणापत्राचं नाव घेतलं. मग आम्ही उजवा हात वर करून त्यांच्या मागोमाग इंग्रजीत आणि नंतर फ्रेंचमध्ये शपथ म्हटली. राजाचं नाव आलं तेव्हा मला आतून अवघड गेलं. ज्या मुलीने इंग्रजांनी फाशी दिलेल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून रोज शाळेची वाट धरली तिला ते सोपं जाणारच नव्हतं. करारांची ओळ आली तेव्हा मात्र मी ती मोठ्याने म्हटली. माझ्यासाठी त्या मजकुरात कुणाची नावं होती ते मला आता माहीत होतं. शेजारचे सीरियन गृहस्थ त्या ओळीवर थोडे अडखळले, मग न्यायाधीशांनी पुढे जाण्याआधी त्यांनी ती पुन्हा म्हणून पूर्ण केली.

त्यानंतर भारतीय पासपोर्ट जमा करणं आणि ओसीआयचा (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांच्या कार्डाचा) अर्ज, ते सगळं प्रत्येकाला करावंच लागतं आणि त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत.

पहिल्या निवडणुकीच्या प्रचारात एक उमेदवार आमच्या दारात आले. घरांच्या किमती, डॉक्टरांची टंचाई यावर बोलले. मी विचारलं, सिक्स नेशन्सने १९९५ मध्ये सरकारविरुद्ध दावा लावला आहे. विश्वस्त म्हणून घेतलेल्या जमिनीचा आणि पैशाचा हिशोब द्या, असं ते मागताहेत. सरकारी वकील इतकी वर्षं ज्या पैशातून लढताहेत तो आमच्या करातला आहे. तुम्ही निवडून आलात तर हिशोब द्या असं म्हणाल का? ते म्हणाले, प्रकरण न्यायप्रविष्ट आहे, पण समेटाला आमचा पाठिंबा आहे. मी म्हटलं, न्यायप्रविष्ट असलं तरी समझोता करायला कोर्ट कुणाला अडवत नाही, आणि पाठिंबा म्हणजे काय ते मला लेखी कळवा. त्यांनी सहायकाला माझा पत्ता लिहून घ्यायला सांगितला. उत्तर आलेलं नाही. दुसरं पत्र मी पाठवलं आहे, त्याच्याबरोबर घोषणापत्राची प्रत जोडली आहे, आणि या भागातली आणखी काही मराठी घरं त्यावर सही करायला तयार झाली आहेत.